पहिल्या वर्षी दर शनिवारी घरी पळू नका

नवीन ॲडमिशन सुरू झाल्यात. आता आमच्या गगनबावड्याकडनं, शाहूवाडीकडनं, चंदगडकडनं पोरंपोरी बॅगा भरून कोल्हापूरला येतील, आणि त्यांना मला मनापासून एकच सांगायचंय, पहिल्या सेमिस्टरला दर शनिवारी घरी जाऊ नका. थांबा की जरा.

मी शिवाजी विद्यापीठात बॉटनीत एमएस्सी करते, आता दुसऱ्या वर्षाला. सोमवार ते शुक्रवार काही वाटत नाही हो, लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, परत होस्टेल, आणि कॅम्पस एवढा मोठा, ८५३ एकर, की चालून चालूनच रात्री झोप लागते. खरी परीक्षा शनिवारी दुपारी असते. अर्ध्या खोल्यांना कुलपं लागतात, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडला, ही गर्दी, आणि सोमवारी सकाळी सगळी परत लेक्चरला हजर. या पोरांचं जगणं गावातच राहतं आणि इथं ती नुसती पाच दिवस हजेरी लावायला येतात. मग दिवाळी झाली तरी म्हणतात, मला इथं करमत नाही. करमणार कसं, करमायला जो वेळ लागतो तो तुम्ही इथं देतच नाही ना.

मला थांबणं जमलं ते पावसामुळं. आमचा गगनबावड्याचा रस्ता म्हणजे पावसाळ्यात देवाच्या भरवशावर, कुंभी नदीचं पाणी चढलं की मांडुकलीजवळ रस्त्यावर येतं आणि एसटी बंद. मी आले त्याच पावसाळ्यात रस्ता बंद झाला, उघडला, परत बंद झाला. सकाळी उठलं की आधी मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघायची, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापूर जिल्ह्यात लहान पोराला पण पाठ असतं. आईचा फोन यायचा, "येतीस न्हवं शनिवारी?" आणि मी म्हणायचे, "आई, रस्त्यावर पाणी हाय, कशी येऊ?" ती गप्प व्हायची, मीपण. फोन ठेवल्यावर पोटात कालवायचं ते मला अजून आठवतंय.

पण त्या थांबलेल्या रविवारांनीच मला कोल्हापूर दिलं.

पाऊस जरा उघडला की एक सिनिअर दीदी कॅम्पसवर झाडं बघायला न्यायची. तिला प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव, कुळ, सगळं तोंडपाठ. वाटेत कुर्डू उगवलेला दिसला, तिनं सेलोशिया अर्जेन्टिया म्हणून सांगितलं, आणि मी म्हटलं, दीदी याची कोवळी पानं आम्ही भाजीला काढतो, कांदा जरा जास्त घालून, पावसाळ्यात आमच्याकडं घरोघरी असते. ती थांबलीच. कधी काढता, किती कोवळी, जून झालेली चालतात काय, असं विचारत बसली आणि वहीत लिहून घेतलं. वर्गात फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पोरींसमोर माझं तोंड उघडायचं नाही, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी पण इथं काहीतरी घेऊन आलेय. ही ओळख सोमवार ते शुक्रवारात झालीच नसती, कारण तेव्हा सगळ्यांना घाई.

आणि रविवारी रात्री आमची मेस बंद. सुरुवातीला त्याचा राग यायचा, पण त्यामुळंच आम्ही उरलेल्या पोरी एकत्र बाहेर पडायला लागलो. केएमटीनं, म्हणजे सिटी बसनं, खाली शहरात जायचं, खासबागेजवळ भेळ खायची, रंकाळ्यावर अंधार पडेपर्यंत बसायचं, कधी गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं दूध प्यायचं. गडहिंग्लजची, जतची, कराडची पोरगी, कुणी कुणाची नाही, आणि तीन-चार महिन्यांत अशा झालो की एकीला ताप आला तर दुसरी रात्रभर जागी.

एका रविवारी दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभ्या होतो. महाराजांच्या काळातल्या वसतिगृहांचं शाळेत आपण वाचलेलं असतं, १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मार्कांपुरतं पाठ केलेलं. पण स्वतः घर सोडून आल्यावर ते वेगळंच कळतं. महाराजांनी ओळखलं होतं की नुसती शाळा काढून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं. कर्मवीर भाऊराव पाटील पण इथंच शिकायला होते, जैन बोर्डिंगात राहिलेले, आणि पुढं १९१९ ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. म्हणजे आपल्यासारखी लांबून आलेली पोरं राहावीत म्हणून या गावानं शंभर वर्षांपूर्वीपासून सोय केलीय. इथं आपण पाहुणे नाही, हे मला त्या चौकात फार आतनं जाणवलं.

आता, कुणाच्या घरी रोप लावणीला माणूस नाही, कुणाचे वडील आजारी, त्यांनी जायलाच पाहिजे, त्यांना मी काही सांगत नाहीय. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, नुसतं रडू येतंय असं असेल तर अजिबात ताणू नका, घरी जा, सरांना-मॅडमना सांगा, डॉक्टरला दाखवा. मी बोलतेय ते साध्या हुरहुरीबद्दल, जी सगळ्यांनाच असते.

घरच्यांनाच इकडं बोलवा की एकदा. नवरात्रात आई-आबा अंबाबाईच्या दर्शनाला आले, मी त्यांना देवळातनं रंकाळ्यावर आणि तिथनं होस्टेलवर आणलं. कुठली केएमटी कुठं बदलायची हे मी न विचारता सांगतेय हे आई बघत होती. तिनं डब्यात आणलेल्या भाकरी आणि खर्डा माझ्या मैत्रिणींनी पंधरा मिनिटांत संपवला. त्यानंतर फोनवर "येतीस न्हवं?" कमी झालं आणि "त्या जतच्या पोरीचा ताप गेला काय?" सुरू झालं.

यंदा नवीन येणाऱ्या पोरींनो, पहिल्या रविवारी खोलीत एकट्या बसू नका. बॉटनी डिपार्टमेंटला येऊन सिनिअर कोण ते विचारा, संध्याकाळी सोबत जेवायला जाऊ.