पुतळ्याखालच्या चार गोट्या : शेक टेबलवरचा अनुभव

भूकंपात पडू नये म्हणून पुतळा बोल्टने चौथऱ्याला आवळावा, असं कुणालाही आधी सुचतं. संगमरवराला ते मानवत नाही. बूड घट्ट धरलं की सगळा हिसका घोट्यांत जातो, आणि उभ्या पुतळ्यात सगळ्यांत बारीक जागा तीच.

इटलीत रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात रियाचेचे दोन ब्राँझ योद्धे आहेत. 1908च्या भूकंपाने हे शहर जमीनदोस्त केलं होतं. तिथे प्रत्येक पुतळ्याखाली संगमरवराचे दोन ठोकळे आहेत. समोरासमोरच्या पृष्ठांवर वाट्या कोरल्या आहेत, त्यांत चार संगमरवरी गोळे, आणि हालचाल आवरायला स्टीलची जोड. याच तत्त्वाची बैठक आम्ही शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारखे हिसके देणाऱ्या यांत्रिक टेबलावर, 1.8 मीटर उंच, 420 किलोच्या नकलेखाली तपासली.

आधी गुरुत्वमध्य. नक्कल तीन लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) ठेवली की तो आडवा कुठे आहे ते कळतं. उंचीसाठी खालची प्लेट 3 अंश कलवायची; मध्य साधारण 5 सेंमी सरकला, म्हणजे उंची 95 सेंमी. शिवाय तो 4 सेंमी पुढे निघाला. बूड 40 सेंमीचं, तरी पुढच्या कडेपर्यंत 20 नव्हे, 16 सेंमीच हाती. 16 भागिले 95, म्हणजे गुरुत्वाच्या 0.17 पट धक्क्याला पुतळा डोलणार.

प्रत्यक्षात तो त्याआधीच डोलला. कार्बन पेपर अंथरून टेकवल्यावर उलगडा झाला: बूड तीन उंचवट्यांवरच बसलं होतं. खाली प्लास्टिक घालून जिप्सम भरलं, मग आकडा जुळला. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली तर पुढचं गणित हवेतलं.

भूकंपाचा हिसका वर जाऊ नये म्हणून इमारतींखाली घालतात ते रबर इथे चालत नाही. एवढ्या वजनाला अडीच सेकंदांचा आवर्तकाळ (एका पूर्ण झोक्याचा वेळ) हवा तर ताठपणा दर मिलिमीटरला जेमतेम 2.7 न्यूटन ठेवावा लागतो. इतकं मऊ रबर वजनानेच कलंडेल. वाटीत गोळी असली की आवर्तकाळ वजनावर अवलंबूनच नसतो. वाटीची त्रिज्या 80 सेंमी, गोळीची 3 सेंमी, वर-खाली दोन्हीकडे वाट्या: आवर्तकाळ जवळपास 2.5 सेकंद. बैठक 15 सेंमी सरकली तरी वजनाच्या एक-दशांशाएवढंच बळ तिला मागे ओढतं.

पण गोळी फारच सहज लोळते. नुसत्या गोळ्यांवर बैठक धक्का थांबल्यावरही झुलत राहिली, म्हणून वायर-रोप डँपर, म्हणजे झुलणं शमवणारे तारेच्या दोराचे वेढे, लावले. ते फार ताठ घेतले तर पुन्हा हिसका वर जातो. डँपरचा जोर धरूनही एकूण 0.17च्या खाली राहायला हवं. वाटीत वाळूचा कण आला की गोळी अडखळते, त्यामुळे भोवती लवचिक झालर लागतेच. उभ्या धक्क्याला मात्र या बैठकीचा काही उपयोग नाही.

चारी बाजूंनी 20 सेंमी मोकळी जागा सोडली होती. तरी एका चाचणीत बैठक अर्ध्यातच अडली. सेन्सरची केबल खालच्या फ्रेमला ताणून बांधलेली होती. आता तिला 30 सेंमीचा झोल असतो.