उधाणाच्या आधी सर्व्हर: स्केलिंग पॉलिसी हाताने चालवून पाहिली

माझं भरती आणि पावसाचं छोटं पान एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधल्या ऑटो स्केलिंग ग्रुपवर, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या सर्व्हरच्या गटावर चालतं. धो धो पाऊस आणि साडेचार मीटरवरचं उधाण एकत्र आलं, की मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता ते मिलन सबवे सगळीकडची माणसं एकदमच पान उघडतात. सर्व्हरच्या सीपीयूवरचा ताण बघून सर्व्हर वाढवणाऱ्या अलार्मला हे उशिरा कळतं. साध्या मॉनिटरिंगमध्ये ईसी२ चे (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरचे) आकडे दर ५ मिनिटांनी येतात, त्यावर माझा नवा सर्व्हर तयार व्हायला आणखी तीनेक मिनिटं. भरतीची वेळ मात्र आधीपासून ठाऊक असते.

म्हणून या आठवड्यात बोटो३ (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) मधलं एक्झिक्यूट_पॉलिसी वापरलं. सर्व्हर किती वाढवायचे हे ठरवणारी स्केलिंग पॉलिसी त्याने अलार्मची वाट न बघता हाताने चालवता येते. डिझायर्ड कपॅसिटी (ग्रुपमध्ये किती सर्व्हर हवेत तो आकडा) थेट वाढवता आली असती, पण मला पॉलिसीच्या पायऱ्याच तपासायच्या होत्या.

माझी पॉलिसी स्टेप स्केलिंगची, म्हणजे ताणाच्या पायरीप्रमाणे सर्व्हर वाढवणारी. तिला ग्रुपचं आणि पॉलिसीचं नाव पुरत नाही. मेट्रिकव्हॅल्यू (मोजलेला आकडा) आणि ब्रीचथ्रेशोल्डही (अलार्मची मर्यादा) द्यावे लागतात, आणि पायरी ठरते ती दोन्हींमधल्या फरकावरून. माझा थ्रेशोल्ड ५०. फरक २० च्या आत असेल तर एक सर्व्हर, त्यापुढे दोन. पहिल्यांदा मी ४५ पाठवले. उणे पाचला पायरीच नाही, त्यामुळे सरळ एरर आली. ७५ पाठवल्यावर दोन सर्व्हर निघाले. पॉलिसी ग्रुपला मॅक्सच्या, म्हणजे सर्व्हरच्या ठरवलेल्या कमाल संख्येच्या वर नेत नाही, त्यामुळे मॅक्स आधी बघून ठेवा. ऑनरकूलडाऊन (आधीच्या बदलानंतरची थांबण्याची वेळ पाळायची का, हा पर्याय) फक्त सिंपल पॉलिसीसाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही.

खरी गंमत पुढे. दोन्ही सर्व्हर हिरवे झाले, मी चहा ठेवायला उठलो, परत येऊन बघतो तर एक टर्मिनेट होतोय! गर्दी अजून आलेलीच नव्हती, सीपीयू थंड होता, आणि कमी सीपीयूचा अलार्म आधीपासूनच पेटलेला होता. अलार्म त्या अवस्थेत असेपर्यंत स्केल-इनची (सर्व्हर कमी करण्याची) कृती पुन्हा पुन्हा चालवतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्खी संध्याकाळ मी माझ्याच कोडमधली चूक शोधत बसलो.

आता स्क्रिप्ट आधी त्या कमी सीपीयूच्या एका अलार्मवर डिसेबल_अलार्म_ॲक्शन्स चालवते, म्हणजे त्याची कृती बंद ठेवते, मग पॉलिसी. वाढवणारा अलार्म चालूच राहतो. भरती ओसरल्यावर दोन तासांनी इनेबल_अलार्म_ॲक्शन्स. हा शेवटचा कॉल वेगळ्या लॅम्डामध्ये (एडब्ल्यूएसवर स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) ठेवलाय, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच पडली तरी अलार्म कायमचा मुका राहणार नाही.

पुढची चाचणी अमावास्येच्या उधाणाला.