रेंडर चालू असताना डिस्क काढायची म्हणजे

मी लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो, त्यामुळे मार्गशीर्षात लग्नं सुरू झाली की माझा लॅपटॉप दिवस दिवस बंद होत नाही. संध्याकाळी रेंडर, म्हणजे जोडलेल्या क्लिपांची एकसंध फिल्म बनवण्याचं काम, कुठे ६० टक्क्यांवर आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दारात येतं. "दादा, मागच्या वर्षीच्या लग्नाची एक डीव्हीडी द्या की. आज्जीला पेन ड्राइव्ह नको, तिच्या टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअरच आहे." रेंडर संपल्यावर या म्हणावं, तर माणूस एसटीनं आलेला.

माझा लॅपटॉप सेकंडहँड थिंकपॅड टी४२०, २०११ सालचं मॉडेल. उबुंटू या लिनक्सवर केडेनलाइव्ह हा व्हिडिओ जोडायचा प्रोग्रॅम चालवतो. उजव्या बाजूला डीव्हीडी ड्राइव्हचा खण आहे, लेनोवो त्याला अल्ट्राबे म्हणते. तिथला ड्राइव्ह बाहेर काढून कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, बसवलेली हार्ड डिस्क आत सारता येते. बाहेरची यूएसबी डिस्क का नाही? कारण या मॉडेलला यूएसबी २.० च आहे, आणि शंभर जीबीचं फुटेज त्यातून कॉपी करायला बसलो तर वऱ्हाड परत जाईल. कॅडी मागवतानाही एकदा चुकलो. ९.५ मिलिमीटरची आली, खण १२.७ चा. आत खुळखुळायला लागली, परत पाठवली.

जुनी लग्नं कॅडीतल्या डिस्कांवर आणि चालू काम आतल्या एसएसडीवर, अशी माझी वाटणी. म्हणजे आज्जीच्या डीव्हीडीसाठी आधी डिस्क घालून फाइल एसएसडीवर घ्यायची, मग डिस्क काढून तिथे डीव्हीडी ड्राइव्ह बसवायचा. हे सगळं रेंडरला धक्का न लावता.

पहिल्या वेळी मी सरळ खटकी सरकवली आणि ओढली डिस्क. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं हळदीचं फुटेज कॉपी करून झालं होतं, पट्टी १०० टक्के दाखवत होती, मग थांबायचं कशाला? डिस्क हातात आली ती फिरतच होती. मनगट वळवलं तर तिनं उलट पीळ दिला, भोवरा मुठीत धरल्यासारखा. तेव्हाच पोटात गोळा आला. परत घातली तर लिनक्सच्या लेखी काल एसडीबी नावाची असलेली डिस्क आज एसडीसी, कारण जुनं नाव कुठल्या तरी प्रोग्रॅमनं अजून सोडलेलं नव्हतं. शेवटच्या चार क्लिप शून्य बाइटच्या. पट्टी भरली म्हणजे लिनक्सनं डेटा रॅममध्ये घेतला एवढंच. डिस्कवर तो मागाहून सवडीनं उतरतो, अर्धा मिनिटसुद्धा लागतो. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर नवरीच्या आईला काय तोंड दाखवलं असतं!

खरं तर वीज चालू असताना साटा डिस्क (साटा म्हणजे डिस्क मशीनला जोडायची पद्धत) काढणं-घालणं हे त्या जोडणीतच धरलेलं आहे. कनेक्टरची सोनेरी बोटं नीट बघा, काही किंचित लांब असतात. ती ग्राउंडची. आधी ती टेकतात, मग बाकीच्या पिना, त्यामुळे घालताना सहसा काही जळत नाही. एकच अट, बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय हवा. माझ्या मशीनवर आधीच्या मालकानं कम्पॅटिबिलिटी ठेवला होता, तो बदलला. (विंडोजवाल्यांनी हा बदल असा झटक्यात करू नये, ड्रायव्हर आधी तयार नसेल तर निळा पडदा येतो.)

सगळी मेख असते ती डिस्क कोण धरून बसलंय यात. पुढच्या वेळी शहाण्यासारखं अनमाउंट करायला, म्हणजे डिस्क सिस्टिमपासून रीतसर सोडवायला गेलो, तर 'टार्गेट इज बिझी'. एका मित्राचा सल्ला आला, लेझी अनमाउंट कर, लगेच सुटेल. करू नका. त्यानं डिस्क नुसती नजरेआड होते, धरणारा धरूनच राहतो. डिस्क कोण वापरतंय ते सांगणारी फ्यूझर ही कमांड मी चालवून पाहिली. एक तर माझंच टर्मिनल त्या फोल्डरात उभं होतं, ते ठीक. दुसरं नाव निघालं मेल्ट. केडेनलाइव्ह रेंडरचं काम या वेगळ्या प्रोग्रॅमला देतं. चालू लग्नाच्या टायटलमागची फुलांची क्लिप मी जुन्या लग्नातून उचलली होती आणि ती कॅडीतल्या डिस्कवरच होती. तशीच ओढली असती, तर गणपतीच्या श्लोकामागे फुलांऐवजी काय उमटलं असतं कोण जाणे. त्या दिवशी गिऱ्हाइकाला चहा पाजून तासभर बसवलं. आता काम सुरू करण्याआधी असल्या उसन्या क्लिपा एसएसडीवर आणून ठेवतो.

अनमाउंट झाल्यावरही मी हात लावत नाही. लिनक्सच्या सिस फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या नावाखाली 'डिलीट' नावाची फाइल असते, तिच्यात रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन १ लिहायचा. नाव भयंकर, पण डेटा पुसला जात नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उरलंसुरलं डिस्कवर उतरवतो, डिस्क थांबवतो आणि तिला विसरतो. लॉगमध्ये 'स्टॉपिंग डिस्क' अशी ओळ येते. तरी मी तळहात उजव्या कोपऱ्यावर ठेवून घुरघुर विझेपर्यंत थांबतो, मनात दहा आकडे मोजतो आणि मगच खटकी.

नवीन वस्तू घातली की ती आपोआप दिसायला हवी. चार्जरवर दिसायची, बॅटरीवर नाही. दोन दिवस कॅडीलाच शिव्या घातल्या. दोष मीच टाकलेल्या टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचा निघाला. बॅटरी वाचवायला ते साटाची लिंक निजवतं, आणि निजलेल्या लिंकला दारात कोण आलं ते कळत नाही. अशा वेळी सिस फोल्डरमध्येच त्या होस्टच्या (साटाच्या त्या जोडणीच्या) 'स्कॅन' फाइलीत मध्ये जागा सोडून तीन डॅश लिहिले की कर्नल दार उघडून बघतो.

या सगळ्याच्या दोन छोट्या स्क्रिप्ट केल्यात, नावं 'काढ' आणि 'घाल'. मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, एफएसटॅबमध्ये, डिस्कची नोंद यूयूआयडीनं (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकानं) केली आणि 'नोफेल' जोडलं, म्हणजे डिस्क नसली तरी अडायचं नाही. त्याआधी खणात डीव्हीडी ड्राइव्ह असताना मशीन सुरू केलं, की ते नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघायचं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसायचं.

परवा आज्जीची डीव्हीडी बर्न होऊन ट्रे बाहेर आला तेव्हा रेंडर ८१ टक्क्यांवर होता. तबकडीवर मार्करनं नाव लिहून दिलं. नातू शेवटच्या एसटीसाठी पळाला आणि मी पुन्हा 'काढ' लिहून हात कोपऱ्यावर ठेवला.