बेडकाच्या पोटातला हिरा

रविवार, रात्री साडेअकरा

अखेर ‘ओम-दर-ब-दर’ हा सिनेमा बघून झाला. हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून, सात माणसं आणि साबुदाण्याची खिचडी. आग्रह माझाच होता, तेव्हा बोलणीही मीच खाल्ली.

अर्ध्या तासात पहिली विकेट पडली. शेजारचे काका ‘उद्या लवकर उठायचंय’ म्हणत अंधारात चपला चाचपायला लागले. काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. अजमेर-पुष्करकडचं एक कुटुंब. बाबूजी सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेले. ओम नावाच्या मुलाला श्वास बराच वेळ रोखून धरता येतो. इथपर्यंत आपण मांडी घालून गोष्ट ऐकायला तयार असतो. मग बेडकांच्या पोटात हिरे निघतात, मध्येच जाहिरातीसारखं काहीतरी येतं, गाणी येतात, आणि ‘मग काय झालं?’ हा प्रश्नच कुणी विचारू देत नाही. वहिनीने तो चार वेळा विचारला. पाचव्यांदा खिचडी गरम करायला उठली.

संपल्यावर जुंपली. भाचा म्हणाला, ‘मामी, तो कळण्यासाठी नाहीच आहे.’ वहिनी उसळली. ‘कळलं नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून माना डोलावता सगळे!’ मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. दिग्दर्शक कमल स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले. सिनेमा १९८८चा. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे थिएटरात लागला थेट २०१४मध्ये. सव्वीस वर्षं एखादी गोष्ट कपाटात राहिली की तिच्याभोवती आपोआप उदबत्तीचा धूर जमतो. मीही त्या धुरातच बघायला बसले होते, हे कबूल करायला हवं. पण हसू आलं ते खरं होतं. धुराने माणूस खोकतो, हसत नाही.

सगळ्यात मजा आईची. वय अठ्ठ्याहत्तर, हातात वाती वळायचं काम. सगळा वेळ गालातल्या गालात हसत होती. ‘अगं, काट्याच्या अणीवर तीन गावं वसतात ना, त्यातली दोन ओसाड आणि एक वसलेलंच नाही, तसलंच हे.’ वहिनी लगेच म्हणाली, ‘पण त्याचा अर्थ कीर्तनकारबुवा सांगतात, आई. इथे बुवा कुठाय?’

बिनतोड होतं ते. आई वात वळत म्हणाली, ‘बुवा यायच्या आधीपण आम्ही हसायचोच की. लहान होतो, अर्थ कोण विचारतंय.’

वहिनीचं समाधान झालं नाही. व्हायला हवंच असंही नाही. पावणेदोन तास वाया गेले असं ती जाताना स्पष्ट म्हणाली, आणि मला ते भाच्याच्या ‘अप्रतिम!’पेक्षा बरं वाटलं. अप्रतिम काय ते विचारलं तर त्याला सांगता येईना. मला तरी कुठे येतंय? बेडूक आठवतात, एवढंच.

आत्ता दार लावायला गेले तर काकांच्या चपला तिथेच. म्हणजे काका अंधारात भाच्याच्या घालून गेले. आणि भाचा? त्याचा आत्ताच फोन आला, शिवाजीनगर स्टेशनवरून. त्याच्या पायात वहिनीच्या आहेत.