आमची वाटचाल: बर्रा, दक्षिण ऑस्ट्रेलिया

ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे 160 किलोमीटरवर, मेंढ्यांची कुरणं आणि गव्हाची शेतं यांच्यामध्ये बर्रा हे हजारेक वस्तीचं गाव आहे. इथे आमची छोटी कंपनी दोन कामं करते. गाव फिरून दाखवणं हे एक. दुसरं म्हणजे, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथल्या तांब्याच्या खाणीवर होते त्यांना ते कुठे राहत, काय करत आणि पुढे कुठे गेले हे कागदपत्रांवरून शोधून देणं. आधी ही दोन खाती वेगळी होती. आज ती एकच आहेत, आणि धंदा टिकला तो त्यामुळे.

1845 साली मेंढपाळांना इथे तांब्याचं खनिज सापडलं. सरकारी नियमाप्रमाणे 20,000 एकरांचा पट्टा एकरी एक पौंड रोख मोजला तरच मिळणार होता. ॲडलेडमधल्या बड्या धनिकांचा एक गट आणि दुकानदार-व्यापाऱ्यांचा दुसरा. एकट्याला कोणालाच रक्कम जमेना. शेवटी दोघांनी मिळून पैसे भरले आणि चिठ्ठ्या टाकून जमीन अर्धी-अर्धी वाटली. उत्तरेचा तुकडा दुकानदारांच्या साउथ ऑस्ट्रेलियन मायनिंग असोसिएशनला गेला आणि त्याखाली ‘मॉन्स्टर माइन’ निघाली. 1860 पर्यंत ती ऑस्ट्रेलियातली सर्वांत मोठी धातूची खाण होती. धनिकांच्या वाट्याची दक्षिणेकडची प्रिन्सेस रॉयल खाण काही वर्षांतच आटोपली. साउथ ऑस्ट्रेलियन मायनिंग असोसिएशनचे सचिव हेन्री एअर्स. उलुरूच्या खडकाला बराच काळ ज्यांचं नाव होतं तेच हे. खाण 1877 मध्ये बंद पडली. 1971 ते 1981 या काळात तिथेच उघडी खाण खणून उरलेलं तांबं काढलं गेलं, म्हणून आज मधोमध हिरवट पाण्याने भरलेला मोठा खड्डा दिसतो.

एवढा ऐवज असताना नुसत्या सहलीवर आमचं भागलं नाही, याला कारण गावातच आहे. बर्राच्या पर्यटन केंद्रावर पास विकत घेऊन अनामत ठेवली की एक किल्ली मिळते. गावाभोवतीच्या 11 किलोमीटरच्या मार्गावर रेडरूथचा जुना तुरुंग, युनिकॉर्न ब्रुअरीची तळघरं, ओढ्याकाठची खोदलेली घरं अशी कुलूपबंद ठिकाणं पाहुणा स्वतः उघडून बघतो. इतकी चांगली सोय असताना त्याच दारांत उभं राहून पाटीवरचाच मजकूर वाचून दाखवणाऱ्याला पैसे कोण देणार? त्या व्यवस्थेशी स्पर्धा करण्यात शहाणपण नव्हतं. आमच्या पाहुण्यांनाही आम्ही ती किल्ली घ्यायलाच सांगतो.

पाहुण्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो. कोणी आडनाव घेऊन येतं, कोणी बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेली जन्मतारीख घेऊन, आणि विचारतं, ‘घर कुठलं?’ याचं उत्तर द्यायचं तर आधी कागद हवेत, आणि कागद वाचायचे तर गाव पायाखालचं हवं.

पहिली अडचण नावाचीच. आज आपण ज्याला बर्रा म्हणतो त्या अनेक वस्त्या होत्या. खाण कंपनीने वसवलेलं कूरिंगा, सरकारने आखलेलं रेडरूथ, खासगी जमिनीवरची ॲबरडीन आणि हॅम्प्टन, शिवाय कॉपरहाउस आणि वेल्श नावाची लूखर. सगळ्यांना मिळून लोक ‘द बर्रा’ म्हणत. कूरिंगाचं अधिकृत नाव बर्रा झालं ते 1940 मध्ये. त्यामुळे ‘बर्रा’ एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हातून निम्म्या नोंदी निसटतात. आम्ही प्रत्येक शोध सगळ्या वस्त्यांच्या नावांनी आणि त्यांच्या चुकीच्या स्पेलिंगांसह करतो. नोंदणी जिल्ह्याचं नाव हा राहण्याचा पत्ता नसतो, हेही अहवालात पहिल्याच पानावर लिहितो.

दुसरी अडचण दाखल्यांची. दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1842 पासून आहे, म्हणजे खाण सुरू होण्याच्या आधीपासून. ऐकायला छान वाटतं, पण एकोणिसाव्या शतकातला इथला मृत्यूचा दाखला फार कोरडा आहे. त्यात मृताच्या आईवडिलांची नावं नसतात. शेजारच्या व्हिक्टोरियाचा दाखला मात्र भरगच्च: आईवडील, जन्मगाव, लग्न कुठे झालं, मुलं किती, वसाहतीत किती वर्षं. म्हणून बर्रात वारलेल्या माणसाचं मूळ गाव सापडत नसेल तर त्याचा व्हिक्टोरियात वारलेला भाऊ किंवा बहीण आधी शोधायची आणि तिचा दाखला मागवायचा. सोन्याच्या ओढीने इथून इतके लोक तिकडे गेले की असं भावंड बहुधा निघतंच.

जनगणनेचा आधार जवळजवळ नाही. वसाहतींच्या जनगणनेत घरोघरचे नावांचे कागद आकडेमोड झाल्यावर नष्ट केले गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियाची 1841 ची यादी उरली, पण तेव्हा बर्रा नव्हतंच. त्या जागी आम्ही घरपट्टीची पुस्तकं, व्यवसाय निर्देशिका, चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी आणि सरकारी खर्चाने आलेल्या प्रवाशांच्या 1847 पासूनच्या जहाज-याद्या वापरतो. जहाज-यादीत व्यवसाय आणि मूळ परगणा मिळतो. मात्र सरकारी मदत मिळावी म्हणून सोयीचा व्यवसाय सांगितलेले लोकही त्यात आहेत, तेव्हा ‘शेतमजूर’ या शब्दावर फार विसंबू नये. ‘बर्रा रेकॉर्ड’ हे स्थानिक वृत्तपत्र राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. तिथे जुन्या छपाईचं यंत्राने केलेलं वाचन अक्षरं चुकवतं, म्हणून आडनावाऐवजी रस्ता, चर्च किंवा अपघाताचा प्रकार टाकून शोधल्यास जास्त हाती लागतं.

सर्वांत जास्त वेळ खातात ती सारखी नावं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांत जॉन, विल्यम, थॉमस ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. तांबं वितळवणाऱ्या वेल्श भट्टीवाल्यांत जोन्स, डेव्हिस, विल्यम्स. एकाच वस्तीत एकाच नावाचे दोन-तीन प्रौढ पुरुष सापडणं नेहमीचं. आमचा नियम असा: पत्नीचं नाव, काम आणि पंथ या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी स्वतंत्र कागदांवर जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या मानायच्या नाहीत. पंथ फार कामाला येतो. वेस्लियन, बायबल ख्रिश्चन आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या मेथडिस्ट शाखांची चर्चं आणि नोंदवह्या वेगळ्या होत्या. ते इथे एकत्र आले 1900 मध्ये. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी आम्ही बघतो, पण पुरावा म्हणून धरत नाही. एकाने दोन विल्यम एकत्र केले की ती चूक उरलेले चाळीसजण उतरवून घेतात.

मग येतो घराचा प्रश्न, आणि इथे गावाची घडण माहीत असावी लागते. कूरिंगाची जमीन कंपनीने सुरुवातीला विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे तिथल्या खाणकामगाराचं नाव जमिनीच्या मालकी हक्काच्या नोंदीत शोधणं व्यर्थ. कंपनीची दप्तरं ॲडलेडच्या राज्य ग्रंथालयात आहेत, तिथे बसावं लागतं. रेडरूथमध्ये भूखंड विकले गेले, म्हणून तिथे खरेदीखतं आणि 1858 च्या कायद्यानंतरची टॉरेन्स पद्धतीची (सरकारी नोंद हाच मालकीचा पुरावा) मालकीपत्रं कामाला येतात. ही पद्धत जगात प्रथम याच वसाहतीत सुरू झाली. जिथे भूखंड क्रमांक मिळतो तिथे जुना आराखडा आजच्या नकाशावर बसवून थेट दारापर्यंत जाता येतं. घरपट्टीत नुसतं ‘दोन खोल्यांचं कॉटेज, कूरिंगा’ एवढंच असेल तर आम्ही रस्त्यापर्यंतच नेतो. अहवालात प्रत्येक जागेपुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द असतो. पाहुण्याला बहुतेक वेळा ‘निश्चित’ हवं असतं. नसेल तर ते लिहायचं नाही.

काहींचं घर सापडणारच नाही, कारण ते घर नव्हतंच. 1851 मध्ये सुमारे 5,000 वस्तीपैकी 1,800 माणसं ओढ्याच्या काठात खोदलेल्या बिळांत राहत होती. भाडं द्यावं लागत नव्हतं, खाण जवळ होती, आणि मातीत खणणं हे त्यांचं रोजचंच काम. त्या वर्षी ओढ्याला तीनदा पूर आला. कंपनीने बांधलेल्या पॅक्स्टन स्क्वेअरच्या 33 दगडी कॉटेजेसकडे लोक आधी भाड्यामुळे फिरकत नव्हते. आज त्या कॉटेजेसमध्ये पर्यटक मुक्काम करतात. ओढ्याकाठची दोनच घरं जपून ठेवली आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून ‘हे तुमच्या पूर्वजांचं’ असं आम्ही कधीच म्हणत नाही.

नाव अचानक गायब होणं म्हणजे मृत्यू, असा निष्कर्ष नवखे लोक काढतात. 1851-52 मध्ये पुरुष व्हिक्टोरियाच्या सोन्याकडे गेले आणि बायकामुलं अनेकदा इथेच राहिली. गाडीवान उरले नाहीत म्हणून भट्टीच्या कंपनीने 1853 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून खेचरं आणि ती हाकणारी माणसं आणली; इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली स्पॅनिश नावं ही त्याची निशाणी. 1861 नंतर मूंटाच्या तांब्याच्या खाणी, 1880 च्या दशकात ब्रोकन हिलच्या चांदी-शिशाच्या: खाणकामगाराचा माग बहुधा याच वाटेने जातो. शेतीकडे वळलेली घराणी गॉयडर रेषेच्या पलीकडे शोधावी लागतात. वसाहतीचे सर्वेक्षण प्रमुख जॉर्ज गॉयडर यांनी 1865 मध्ये आखलेली ही रेषा बर्राच्या जवळून जाते; तिच्या उत्तरेला पाऊस बेभरवशाचा. 1870 च्या दशकात चार वर्षं बरी गेली म्हणून लोक पुढे सरकले आणि पुढच्या दुष्काळांत माघारी आले. ओसाड दगडी घरं अजून उभी आहेत. अर्ध्या दिवसाच्या गाडीच्या फेरीत हाच भाग येतो.

आता प्रत्यक्ष सहलीबद्दल, कारण हा धंदा सुरू करू पाहणारे हेच विचारतात. पायी सहलीला प्रवासी वाहतुकीचा परवाना लागत नाही. गाडीत बसवून पैसे घेतले की राज्याच्या कायद्यानुसार चालक आणि व्यवसाय दोघांनाही मान्यता लागते. चालकासह बारा आसनांपर्यंतची गाडी साध्या लायसन्सवर चालवता येते, त्याहून मोठी घेतली की लायसन्स, विमा आणि देखभाल तिन्ही वाढतात. आम्ही बाराच्या आतच राहिलो. सार्वजनिक दायित्वाचा विमा आधी, जाहिरात नंतर. शाळांचे गट घ्यायचे तर मुलांबरोबर काम करण्यासाठीची पार्श्वभूमी तपासणी प्रत्येकाची हवी. खासगी जमिनीवरच्या पडक्या वास्तूंसाठी लेखी परवानगी घ्यावी, आणि जनावरांमुळे फाटक जसं होतं तसंच ठेवावं.

पायी फेरी अडीच तासांची, माणसं जास्तीत जास्त पंधरा. याहून जास्त असली तर वाऱ्यात मागच्यांना ऐकू जात नाही. मॉर्फेट इंजिनघर (1858 चं, 1925 मध्ये जळालं, 1986 मध्ये पुन्हा उभारलं) शेवटी ठेवतो, कारण तिथे चढ आहे आणि खाण्यापिण्याची सोय नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी दुपारच्या फेऱ्या बंद. पारा चाळिशी ओलांडतो. वणव्याच्या धोक्यामुळे संपूर्ण आगबंदी असलेल्या दिवशी गावाबाहेर जायचं की नाही हे सकाळी ठरवतो, आणि इशारा सर्वोच्च पातळीचा असेल तर चर्चाच नाही, पैसे परत. उन्हाळ्यात पडक्या भिंतींत विषारी ब्राउन साप असतात, म्हणून बंद बूट सक्तीचे. जुलैच्या सकाळी तापमान शून्याखाली जातं. ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन’ समजून भारतातून आलेले पाहुणे हमखास कुडकुडतात. मॅलाकाइट हा तांब्याचा हिरवा दगड जमिनीवर दिसला तरी उचलायचा नाही.

स्मशानभूमीत सोबत न्यायचं सामान साधं: पाण्याची बाटली, मऊ ब्रश, आरसा. पुसट अक्षरं वाचायला आरशाने ऊन बाजूने तिरकं पाडायचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ते आपोआप पडतं. खडू, पीठ, ब्लीच, तारेचा ब्रश यांपैकी काहीही नको. पाटीच्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि संगमरवरात बसवलेली शिशाची अक्षरं गळतात. जिथे अक्षर गळलं तिथे भोकं उरतात, आणि भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. बहुसंख्य लहान मुलांच्या कबरींवर दगडच नाही. तिथे दफन नोंदवहीतली ओळ हाच पुरावा.

काही गोष्टी आम्ही फेरीत बोलत नाही. रेडरूथचा तुरुंग 1897 ते 1922 या काळात मुलींचं सुधारगृह होता. त्या मुलींची नातवंडं आज हयात असू शकतात, म्हणून नावं फक्त कुटुंबालाच देतो. ही भूमी इथल्या मूळ रहिवासी न्गाजुरी लोकांची, हे आम्ही सुरुवातीलाच सांगतो. त्यांच्या घराण्यांच्या कागदांसाठी राज्य अभिलेखागारात वेगळा कक्ष आहे आणि त्या चौकशा आम्ही तिकडेच पाठवतो.

मराठी वाचकांकडून येणारा एक प्रश्न: इथे आपले कोणी होते का? ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात उंटवाले आणि फेरीवाले म्हणून आलेले बहुतेक पंजाब, सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानकडचे होते. त्यांच्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागारातली 1901 च्या प्रवेशबंदी कायद्यानंतरची सूटपत्रं बघावीत. बाहेर जाऊन परत येणाऱ्याचा फोटो आणि हाताचा ठसा त्यांवर असतो. नाव भलतंच लिहिलेलं असलं तरी चेहरा ओळखता येतो.

शोधाचे पैसे आम्ही टप्प्याटप्प्याने घेतो. पहिला टप्पा सहा तासांचा; त्यात काय मिळालं, काय मिळालं नाही आणि पुढे जाण्यात अर्थ आहे का, हे लेखी देतो. दाखल्यांचं शुल्क वेगळं आणि पावतीप्रमाणे. न सापडलेल्या शोधाचेही पैसे लागतात, हे आधी स्पष्ट बोललेलं बरं. फेरीसोबत शोध हवा असेल तर किमान सहा आठवडे आधी कळवावं, कारण अभिलेखागारातली दप्तरं आधी मागणी नोंदवून मग बघायला मिळतात. पाठवताना नावं, अंदाजे वर्षं, पंथ, आणि घरात सांगितली जाणारी गोष्ट, ती खोटी वाटत असली तरी, सगळं पाठवावं. मूळ कागद पाठवू नयेत. दोन्ही बाजूंचे फोटो पुरतात.