शीचा रंग

आज सकाळी गोदापार्कवर आमच्या कुत्र्यानं, मोतीनं शी केली आणि मी जागीच थांबले. काळी कुळकुळीत, डांबरासारखी चिकट. टिश्यूनं उचलली तर कडेला तांबूस ओल उमटली.

शेजारून चाललेले काका म्हणाले, "उष्णता झाली असेल, दहीभात घाला." घातलाही असता. पण ती ओल डोळ्यांसमोरून हलेना. फोटो काढला आणि तडक डॉक्टरांकडे गेले.

फोटो बघून त्यांनी पहिलंच विचारलं, "माणसांची गोळी दिली होती का?"

दिली होती. मोती लंगडत होता म्हणून आईनं परवा मायेनं आपली आयब्रुफेन, म्हणजे दुखण्यावरची गोळी, पोळीत घालून भरवली. कुत्र्याच्या पोटात त्या गोळीनं जखमा होऊ शकतात. तिथलं रक्त पचून असं काळं बाहेर पडतं. ताजं लाल दिसलं तर ते बहुतेकदा मोठ्या आतड्यातलं.

एखादीच पातळ शी झाली, पण कुत्रं खातंय, खेळतंय, तर 24 तास बघता येतं. काळी किंवा रक्ताची असेल, सोबत उलट्या, मरगळ असेल, तर त्याच दिवशी दाखवा. पिल्लू असेल तर अजिबात थांबू नका, पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो.

मोती आता सलाईन घेऊन झोपलाय. आई त्याच्याजवळून उठायलाच तयार नाही. तुमच्या घरात कुणी अशी गोळी दिली आहे का कधी?