पीथमपूर, वॉरेन काउंटी आणि माझी नोकरी

२०२५च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळण्यासाठी पोचला आणि इंदूरच्या राजेंद्र नगरहून आत्याचा फोन आला. "अगं, यशवंत सागरचं पाणी आपण पितो, आणि हे लोक तिथून जवळच जाळणार म्हणे. तुमच्या तिकडच्या कायद्यात याला काही उपाय आहे का?" अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात मी काय काम करते, हे आत्याला त्या दिवशी न सांगता कळलं.

मी नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. आमचा विषय पर्यावरणच, पण माणसांच्या बाजूने पाहिलेला. कचऱ्याचं मैदान, भट्टी, रसायनांचा कारखाना कुणाच्या वस्तीला खेटून उभा राहतो आणि परवानगी देताना त्या वस्तीला कुणी विचारलं का, हे आम्ही धरून बसतो.

'पर्यावरण न्याया'ची ही चळवळ याच राज्यातून उभी राहिली असं मानतात. १९७८मध्ये इथे रस्त्यांच्या कडेने दोनशेहून जास्त मैल पीसीबी या घातक रसायनाचं विषारी तेल चोरून ओतलं गेलं. ती माती पुरायला सरकारने वॉरेन काउंटी निवडली. गरीब भाग, बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. सप्टेंबर १९८२मध्ये ट्रक यायला लागले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे पडले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली. पण प्रश्न देशभर गेला. १९८३च्या सरकारी तपासणीत आग्नेय राज्यांतल्या अशा चार मैदानांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या भागांत निघाली.

माझं काम कोर्टात कमी, लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त. डुप्लिन काउंटीत माणसांपेक्षा डुकरं कितीतरी पट. शेडमधली घाण उघड्या तळ्यांत साठवतात. पाणी गुलाबीसर दिसतं. मग तेच फवाऱ्याने शेतांवर उडवतात. वारा फिरला की घराच्या भिंतीपर्यंत तुषार येतात. तिथल्या एका आजींच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आहे, पण तिच्यावर कपडे नसतात. दुधाचे खाडे मांडावेत तशा त्यांनी वासाच्या दिवसांच्या फुल्या कॅलेंडरवर मारून ठेवल्यात. मी त्या तारखा उतरवून घेते. आमच्या कामात याहून मोलाचा कागद नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या खात्याला वंश किंवा रंगावरून भेदभाव करता येत नाही. मात्र २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जाच एकाच समाजाला जास्त होतो एवढ्या मुद्द्यावर सामान्य माणसाला या कायद्याखाली थेट दावा लावता येत नाही. भेदभावाचा हेतूच सिद्ध करावा लागतो. मग उरते केंद्रीय पर्यावरण संस्थेकडची तक्रार, तीही १८० दिवसांच्या आत. डुकरांच्या प्रश्नावर २०१४मध्ये अशी तक्रार झाली आणि २०१८मध्ये राज्याशी समझोता झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा १९९४चा पर्यावरण न्यायाचा आदेश तर कचरा पीथमपूरला पोचला त्याच महिन्यात रद्द झाला. त्या आठवड्यात ऑफिसात कुणी फारसं बोलत नव्हतं. काम मात्र चालू आहे.

इंदूरची लॉची मुलं विचारतात, यासाठी अमेरिकेलाच यावं लागतं का? मुळीच नाही. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित अधिकरणाचं खंडपीठ भोपाळलाच आहे, आणि तिथे वकिलाशिवाय स्वतः उभं राहून म्हणणं मांडता येतं. एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यायची असेल तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. ती वाचायची सवय लावून घ्या. पीथमपूरचा कचरा जूनअखेर जळून संपला, पण राख कुठे पुरायची यावरून उच्च न्यायालयात वाद झालाच. आत्यालाही मी हेच सांगितलं: भट्टीजवळच्या तारपुरा गावातल्या बायकांना जाऊन भेटा, पाण्याचा रंग, वास, मुलांचा खोकला, सगळं तारखेसकट लिहून घ्या. पुढच्या सुट्टीत मी इंदूरला येतेय. बरोबर यायचं असेल त्यांनी जरूर कळवा.